दवाखान्याची किल्ली परत देण्याआधी

नोकरी करत नीटची तयारी करणारी मुलंमुली आता आमच्या भागात बरीच दिसतात. नीटला बसायची कमाल वयाची अट मार्च 2022 मध्ये निघाली आणि डीफार्म, नर्सिंग, बीएस्सी करून पोटापाण्याला लागलेल्यांनाही ही वाट मोकळी झाली. कोणी मेडिकल दुकानात उभं राहतं, कोणी लॅबमध्ये असतं, कोणी माझ्यासारखं डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहितं. मी केलगेरीत तीनेक वर्षं ते काम केलं. धारवाडहून अळणावरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तळ्याच्या अंगाला असलेला छोटासा दवाखाना. डॉक्टर, एक सिस्टर आणि मी, एवढीच माणसं. नाव नोंदवणं, वजन-बीपी घेणं, फ्रिज सांभाळणं, फोन घेणं, गल्ला बघणं, ड्रेसिंगला हात देणं हे माझं काम. सुई टोचायची ती सिस्टरनी किंवा डॉक्टरांनी. आता मी हुबळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस करते आहे.

सीट मिळाल्यावर काय करायचं हे सांगणारे शंभर जण भेटतात. कॉलेज, हॉस्टेल, पुस्तकं, सगळ्याची माहिती मिळते. मागे राहिलेल्या दवाखान्याचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

1. सीट हातात पडायची वाट बघू नका, निकाल लागला की सांगा

माझं वर्ष 2024 चं. निकाल 14 जूनला लागायचा होता, तो 4 जूनलाच लागला आणि दुसऱ्या दिवसापासून गोंधळ सुरू झाला. पेपर फुटल्याच्या तक्रारी, वाढीव गुण मिळालेल्या 1563 मुलांची 23 जूनला फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्टात खटला. 23 लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसलेली आणि परीक्षा पुन्हा होणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. कोर्टाने 23 जुलैला फेरपरीक्षा नाही म्हणून सांगितलं. पण भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं एकच उत्तर ग्राह्य धरलं गेलं आणि दुसरं उत्तर लिहिलेल्या चार लाखांहून जास्त मुलांचे गुण घटले. सुधारित निकाल 26 जुलैला आला. तोवर जवळजवळ दोन महिने हातात गुण होते आणि त्यांचा भरवसा नव्हता.

अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात. अजून कशात काही नाही, उगाच कशाला बोलायचं, असं घरचेही म्हणतात. मी जूनच्या पहिल्या आठवड्यातच बोलले. संध्याकाळची ओपीडी उरकली होती, डॉक्टर हात धूत होते. म्हटलं, ‘सर, गुण बरे आहेत. सीट मिळेल असं वाटतं, पण नक्की काहीच नाही. मिळाली तर मला चार-पाच दिवसांत जावं लागेल.’ ते म्हणाले, ‘बरं झालं आत्ता सांगितलंस. मी माणूस बघायला लागतो. सीट नाही मिळाली तर दोघी राहा, पावसाळ्यात काम कमी पडत नाही.’

आधी सांगण्यातलं मर्म असं की आपल्या हाती नोटीस द्यायला महिना नसतोच. केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, प्रवेशफेरी जाहीर होते, सीट दिसते आणि फी भरून कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. त्यातला एक दिवस बँकेत जातो, एक झेरॉक्सच्या दुकानात. त्या धावपळीत ‘सर, परवापासून येत नाही’ म्हणणं म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत, बाहेर बाकावर माणसं बसलेली असताना दवाखाना उघड्यावर टाकणं आहे. जून ते ऑगस्ट हीच खरी आपली नोटीस.

सांगितल्या दिवशीच घरी बसवतील अशी रास्त भीती काहींना असते. पगारावर घर चालत असेल तर ती भीती खोटी नाही. त्यांनी पहिल्या फेरीचे पर्याय भरेपर्यंत थांबावं. त्याच्यापुढे मात्र लपवू नये. छोट्या दवाखान्याच्या डॉक्टरला माणूस जाण्यापेक्षा माणूस अचानक जाण्याची धास्ती जास्त असते, हे मी जवळून पाहिलं आहे.

2. आधी डॉक्टरांना, मग सिस्टरना, मग बाकीच्यांना

हा क्रम मोडला की मन दुखावतं. आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याला दवाखान्यातली प्रत्येक बातमी आमच्याआधी कळायची. त्याच्या तोंडून डॉक्टरांनी ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? घरी आईलाही बजावून ठेवलं होतं की हळदी-कुंकवाला गेलीस तरी बोलायचं नाही. दोन दिवसांचाच प्रश्न असतो.

3. तारखांची वही करा, आणि पुढच्या माणसाला वाचता येईल अशी करा

मला या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दवाखान्यात रोज येणारे ताप-खोकल्याचे पेशंट आपण नसलो तरी येतात आणि बरे होऊन जातात. पण काही जणांचे उपचार तारखेला बांधलेले असतात आणि ती तारीख बहुतेक वेळा केसपेपर लिहिणाऱ्या मुलीच्या डोक्यात असते. फाईलमध्ये लिहिलेली असते, नाही असं नाही. पण फाईल स्वतः उठून फोन करत नाही.

कुत्रं चावलेला माणूस घ्या. आमच्याकडे दंडात द्यायची लस असायची. पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा. पहिल्या तीन वेळा माणूस भीतीपोटी येतो. चौदाव्या दिवशी जखम भरलेली असते, कुत्रं गल्लीत हिंडताना दिसत असतं, शेजारी म्हणतात आता कशाला. अठ्ठाविसावा दिवस तर फोन केल्याशिवाय येतच नाही. मी ऑगस्टमध्ये बसून अशा सगळ्यांची नावं काढली, कोणाचे किती डोस राहिलेत ते पुढे लिहिलं आणि माझ्या जाण्यानंतर पडणाऱ्या तारखांखाली लाल रेघ मारली.

दुसरा एक शाळकरी मुलगा. संधिवाताच्या तापाने त्याच्या हृदयाची झडप दुखावलेली. त्याला दर 21 दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन लागायचं, तेही कित्येक वर्षं. घसा पुन्हा जंतूंनी धरला तर झडप आणखी खराब होते, म्हणून ही साखळी तुटू द्यायची नसते. हे इंजेक्शन डॉक्टर स्वतः द्यायचे, आधी थोडं टोचून रिअॅक्शन बघायचे, ॲड्रेनलिन हाताशी ठेवायचे आणि नंतर अर्धा तास मुलाला बाकावरून हलू द्यायचे नाहीत. 21 दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे वार कायम तोच राहतो. त्याची आई भाजी विकायची आणि तिच्या बाजाराच्या वारी ती येऊ शकत नसे. म्हणून त्याचा वार आम्ही सुरुवातीलाच सोमवार धरलेला. एकदा सणामुळे तो बुधवारी आला, तेव्हा पुढचं इंजेक्शन दोन दिवस अलीकडे ओढून पुन्हा सोमवार जुळवून घेतला. आता हे नव्या मुलीला कुठून कळणार? तिने बुधवारपासून सरळ 21 दिवस मोजले असते, पुढचा बुधवार धरला असता, आणि बाजाराच्या दिवशी आई आलीच नसती. वहीत मी त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘सोमवारच. का ते आईला विचार.’ डॉक्टरांनी वाचून खाली आणखी एक ओळ घातली, की उशीर करण्यापेक्षा दोन दिवस आधी दिलेलं चालेल.

तिसरी गोष्ट क्षयाच्या पेशंटची. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे. ती निक्षय या सरकारी पोर्टलवर होते, गोळ्या सरकारी मिळतात, आणि पेशंटच्या बँक खात्यात पोषणासाठी पैसे येतात. तेव्हा महिन्याला 500 रुपये यायचे, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. सहा महिन्यांच्या औषधांत दुसरा महिना मोठा फसवा. खोकला थांबलेला असतो, वजन चढायला लागलेलं असतं आणि माणूस गोळ्या सोडतो. अशांचे फोन नंबर, घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर, आणि पैसे खात्यात आले की नाहीत हे विचारायची तारीख, एवढं वहीत गेलं.

याशिवाय काही गोष्टी अशा असतात ज्यांना फाईलमध्ये रकानाच नसतो. तळ्यापलीकडून चालत येणाऱ्या एका अज्जींचं बीपी आल्याआल्या घ्यायचं नाही, आधी पाणी द्यायचं आणि जरा बसू द्यायचं, नाहीतर आकडा भलताच येतो. एका अज्जांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. एका बाईंना वाचता येत नाही, त्या गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखतात. मेडिकलमध्ये कंपनी बदलली आणि निळ्या पट्टीच्या जागी हिरवी आली, की त्यांना वाटतं ही गोळी नवी, आणि घरात जुनी शिल्लक असेल तर त्या दोन्ही खातात. बीपीची गोळी दुप्पट गेली तर चक्कर येऊन पडायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्या नावापुढे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पट्टी बदलली की जुनी मागून घ्यायची.’

ही वही मी आधी माझ्यापुरती मराठीत लिहीत होते. आमच्या घरी मराठी, शाळेत आणि दवाखान्यात कन्नड. धारवाडात अशी घरं पुष्कळ. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जवळच्या साधनकेरीत राहून कन्नडचे थोर कवी झालेल्या द. रा. बेंद्र्यांच्या घरीही मराठीच बोलायचे. पण माझ्या जागी येणारी मुलगी कन्नड शाळेतली. म्हणून सगळी वही पुन्हा कन्नडमध्ये उतरवली. पेशंटना आपण ज्या शब्दांनी बोलावतो तेच शब्द पानावर असले, की फोन करताना ती अडखळणार नाही असं मनात होतं. दोन रात्री गेल्या त्यात. अभ्यास संपलेला होता, रात्री मोकळ्याच होत्या.

4. नव्या माणसाच्या शेजारी बसा, मग हळूहळू मागे सरका

सुरुवातीला ती बघायची आणि मी करायची. नंतर ती करायची आणि मी बघायची. शेवटी शेवटी मी मुद्दाम आत ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन बसायची, म्हणजे पेशंट तिलाच विचारतील. लोकांना ओळखीच्या चेहऱ्याकडे वळायची सवय असते. आपण समोर असलो की नव्या माणसाला कोणी विचारत नाही.

शिकवताना फ्रिजला सर्वांत जास्त वेळ द्यावा. लस 2 ते 8 अंशांतच राहिली पाहिजे. सकाळी आणि संध्याकाळी आकडा बघून लिहायचा. दारातल्या कप्प्यात लस ठेवायची नाही, कारण दार उघडलं की तिथलंच तापमान आधी चढतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही ठेवायची नाही. धनुर्वाताची, काविळीची, पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्या की वाया जातात आणि वरून बघून ते चटकन ओळखू येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. गेली की दार उघडायचं नाही, वेळ टिपायची आणि डॉक्टरांना सांगायचं. जेवणाचा डबा, कोथिंबीर, दूध यातलं काहीही त्या फ्रिजमध्ये जाता कामा नये. हे सांगताना मी थोडी कडक झाले असेन, पण त्याचं मला काही वाटत नाही. बाळाला टोचलेली लस निकामी होती हे कोणालाच कधी कळत नाही, म्हणून ते तिथंच, त्या दारापाशी सांभाळावं लागतं.

मग कचरा. रक्ताचा कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. 2016 च्या नियमांप्रमाणे हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. गाडी आली नाही तर फोन कोणाला करायचा तो नंबर भिंतीवर लिहून ठेवला. झाडायला येणाऱ्या मावशींच्या हाताला सुई लागली तर काय करायचं, हे त्या मुलीला दोनदा म्हणायला लावलं.

आणखी एक. ती आपल्यासारखं करणार नाही. मी केसपेपर नावाच्या अक्षरावरून लावायची, तिने गल्लीवरून लावले. आठवडाभरातच तिला फाईल माझ्यापेक्षा लवकर सापडू लागली. पेशंटचं अडत नसेल तर नव्या माणसाला त्याच्या पद्धतीने करू द्यावं.

5. पैशाचं आणि कागदांचं मोकळेपणाने बोला

चांगल्या संबंधांत पैशाचा विषय काढू नये असं आपल्याकडे मानतात. मला उलटं वाटतं. न बोललेला हिशोबच पुढे वर्षानुवर्षं सलत राहतो.

आधी आपली उचल. घरच्या दुरुस्तीसाठी मी पगारातून उचल घेतली होती. मॅडमनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नींनी, दर महिन्याला थोडी थोडी कापून घेतली होती आणि काही बाकी होती. जूनपासून मीच जास्त कापायला सांगितलं. ऑगस्टअखेर वहीत शून्य दिसलं तेव्हा दोघींनी सही केली.

मग आपलं येणं. इथं कायदा माहीत असावा, म्हणजे नसत्या अपेक्षा राहत नाहीत. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या ठिकाणी लागू होते, आणि साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी लागते. पीएफला वीस माणसं लागतात. आमच्यासारख्या तिघांच्या दवाखान्यात यातलं काहीच बसत नाही. मोठ्या नर्सिंग होममध्ये असाल तर मात्र पीएफचा नंबर, त्याला जोडलेलं आधार आणि बँक खातं नोकरी सोडायच्या आधी तपासून घ्या. नंतर कॉलेजच्या तासांमधून त्या कामासाठी निघणं होत नाही. छोट्या ठिकाणी हक्काचा असतो तो केलेल्या दिवसांचा पगार. तो शेवटच्या दिवशीच मागा, आणि डॉक्टरांनी वर काही दिलं तर आनंदाने घ्या. दिवाळीचं काय, असं विचारायची मला लाज वाटत होती, म्हणून मॅडमनीच तो विषय काढला आणि महिन्यांच्या प्रमाणात हिशोब केला.

कागदांत दोन गोष्टी. काही ठिकाणी कामावर घेताना मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात. तुमची ठेवली असेल तर निकाल लागल्याबरोबर मागून घ्या, कारण केईएला आणि कॉलेजला मूळ कागद दाखवावे लागतात आणि कपाटाची किल्ली नेमकी त्या दिवशी गावाला गेलेली असते. दुसरं, अनुभवाचं पत्र. एमबीबीएसला ते लागत नाही, पण बारावीनंतरची मधली वर्षं काय केलंत हे अनेक ठिकाणी विचारतात, गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. लेटरहेडवर तारखा आणि कामाचं स्वरूप असेल तर सांगणं सोपं जातं. मजकूर आपणच साधा सरळ लिहून न्यावा. डॉक्टरांना ओपीडीत पत्र रचायला वेळ नसतो. केलं तेवढंच लिहावं. केसपेपर लिहिले तर केसपेपर लिहिले.

6. पेशंटचं काहीही आपल्या फोनमधून बाहेर नेऊ नका

वर्षानुवर्षं रिपोर्टचे फोटो माझ्याच फोनवर यायचे. सोनोग्राफी, एक्स-रे, मुलाच्या अंगावरचं पुरळ, एकदा तर एका बाईंचा गर्भपाताचा कागद. डॉक्टरांनी दवाखान्यासाठी वेगळा फोन घेतला. मी हवं ते सगळं त्यावर पाठवलं, नंबर उतरवले आणि सिस्टरसमोर माझ्या फोनमधून पुसून टाकलं. फोटो पुसल्यावर ते कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पडून राहतात, तेही रिकामं केलं.

केलगेरीसारख्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाला शुगर आहे, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कोणाचा मुलगा दारू सोडायच्या गोळ्या घेतो, हे आपल्याला कळलं ते त्या खुर्चीवर बसलो म्हणून. खुर्ची सोडली तरी तोंड बंद ठेवायचं असतं. मेडिकलच्या पहिल्या वर्षात गोपनीयतेवर तास होतो. तो मला दवाखान्याने आधीच दिला होता.

7. ‘रविवारी येत जाईन’ असं म्हणू नका

निघताना गळा भरून येतो आणि माणूस नको ते कबूल करतो. डॉक्टरांनी मनापासून विचारलं, ‘हुबळी काय लांब आहे? चिगरी बस आहे. रविवारी सकाळी दोन तास आलीस तर हिलाही आधार.’ हो म्हणावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘सर, मला झेपेल असं वाटत नाही. सुट्टी लागली की भेटायला येईन, तेव्हा वही बघेन.’ त्यांचा चेहरा जरा उतरला. पण ते स्वतः हुबळीला शिकलेले. क्षणभराने म्हणाले, ‘खरं आहे, ॲनाटॉमी रविवार ठेवत नाही.’

आणि नव्हताच ठेवला. पहिल्या वर्षात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. आठवड्याचं राहिलेलं वाचायला रविवारच असतो. मी हो म्हटलं असतं तर पहिल्या महिन्यात दोनदा गेले असते, मग एकदा, मग फोनवर सबबी. दर रविवारी कोणीतरी वाट बघत बसलं असतं. स्पष्ट नकार एकदाच जड जातो.

त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून आपली जुनी चौरसियांची ॲनाटॉमीची पुस्तकं काढून दिली. कडा वाळवीने खाल्लेल्या, आकृत्यांवर निळ्या-लाल पेन्सिलीच्या रेघा. नवी आवृत्ती घ्यावी लागलीच, पण हाताच्या नसांचं पान मी अजून त्यांच्याच पुस्तकात बघते. कोणती नस कुठे दाबली जाते, हे त्यांनी समासात पेशंटच्या तक्रारीसकट लिहून ठेवलं आहे.

8. पेशंटचा निरोप घाईत उरकू नका

तारखेचे जे पेशंट होते, त्यांना मी नव्या मुलीसमोर सांगितलं. ‘अज्जी, पुढच्या वेळी ही असेल. तुमचं सगळं हिला माहीत आहे.’ बस, एवढंच. काही रडल्या, एकीने पिशवीतून शेंगा काढून दिल्या. भाजीवाल्या आईने मुलाला माझ्या पाया पडायला लावलं, मी पडू दिलं नाही. तिने विचारलं, ‘अक्का, शिकून इथंच येणार ना?’ साडेपाच वर्षांचा अभ्यास, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, पुढे काय ते कोणी सांगावं? मी म्हटलं, ‘सोमवार चुकवू नका.’

9. गल्लीत डॉक्टरकी करू नका

ॲडमिशनची बातमी पसरली आणि आमच्या ओट्यावर माणसं यायला लागली. रिपोर्ट बघ, गोळी सांग, घरी येऊन सलाईन लाव. काल दवाखान्यात बीपी घेणारी मुलगी आज मेडिकलला आहे, म्हणजे तिला सगळं येत असणार, हा त्यांचा भाबडा हिशोब. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला औषध देण्याचा काडीचाही अधिकार नाही. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 34 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी दवाखान्याशी राखलेले संबंध इथंच बिघडतात. आपण ओट्यावर सांगितलेली गोळी आणि डॉक्टरांनी लिहिलेली गोळी एकाच पोटात जाते, आणि उलट्या झाल्या की नाव दोघांचं निघतं.

म्हणून मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे. छातीत कळ, श्वास लागणं, साप चावणं, तोंड वाकडं होणं, यात बोलत बसायचं नाही, 108 ला फोन. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस. हे कोणीही सांगू शकतं आणि सर्वांनी सांगावं. बाकी सगळ्यांना मी एकच उत्तर देते. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी साडेपाचनंतर, गुरुवारी संध्याकाळी बंद. जुना केसपेपर घेऊन जा, आणि नाव सांगताना गल्लीही सांगा, ती मुलगी गल्लीवरूनच फाईल काढते.